पडवीत आलेला काचेच्या खिडक्यांचा पतंग: हा नक्की कोण?

पायवाट | १४ जून, सकाळी ७.४०

मुळशीच्या पलीकडे, ताम्हिणीच्या वाटेवर आमचं एक जुनं घर आहे. पहिला दणकून पाऊस झाला की दोन दिवस तिकडे जाऊन कौलं बघायची, हा दरवर्षीचा नेम. काल रात्री वीज गेली, आली, आणि पडवीतला दिवा लागल्यावर भिंतीवर हे प्रकरण दिसलं. आधी वाटलं वाळकं पान चिकटलंय. मग पानाने पंख उघडले.

रंग हळदीत राख कालवल्यासारखा. पंख पसरून जवळजवळ वीतभर. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि डोळ्याच्या मधोमध चक्क आरपार दिसतं! मागचा भिंतीचा चुना दिसत होता. पुढच्या पंखांच्या वरच्या कडेला करडी पट्टी. पोट जाडजूड, मिश्या बारीक पिसासारख्या.

सासूबाई म्हणाल्या, हात लावू नकोस, पंखाची पूड डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो. मुलगी ठामपणे म्हणते हा अ‍ॅटलास. मी तासभर शोधाशोध केली तर तीन वेगवेगळी नावं मिळाली. कुणी नीट सांगेल का? आणि याला खायला काय देऊ? साखरपाणी ठेवलंय, ढुंकूनही बघत नाही.

तीन फोटो टाकलेत. तिसऱ्यात शेजारी मोजपट्टी आहे.

चहाबाज | १४ जून, सकाळी ८.०२

फोटो दिसत नाहीयेत. वर्णनावरून आमचे साहेब वाटतात. जाडजूड पोट, ढुंकूनही न बघणे.

निवृत्त_मास्तर | १४ जून, सकाळी ९.१५

मला दिसले फोटो. पायवाटताई, अ‍ॅटलास नाही. अ‍ॅटलासच्या पंखांवरच्या खिडक्या तिकोनी असतात आणि पुढच्या पंखाचं टोक नागाच्या तोंडासारखं वळलेलं असतं. एकदा पाहिलं की विसरत नाही माणूस. चांद्रपतंग असता तर फिकट पोपटी रंग आणि मागे दोन लांब शेपट्या दिसल्या असत्या.

तुमच्याकडे आलाय तो टसरचा पतंग, अँथेरिया मायलिटा. चार पंखांवर चार गोल खिडक्या, ही त्याची खूण. जुन्या पुस्तकांत हाच अँथेरिया पाफिया या नावाखाली सापडतो, त्यामुळे तुमच्या तीन नावांपैकी दोन तरी एकाचीच असणार. आपल्या पानगळीच्या रानांत तसा सर्रास असतो. रात्रीचा प्राणी म्हणून लोकांना भेटत नाही इतकंच.

शिवाय 'हा' नाही, 'ही'. पिवळसर रंग, फुगीर पोट आणि अरुंद मिश्या म्हणजे मादी. नर विटकरी-तपकिरी आणि अंगाने लहान. त्याच्या मिश्या नेच्याच्या पानासारख्या रुंद असतात, कारण अंधारात दूरवरून मादीचा गंध टिपायचं सगळं काम त्यांनाच करायचं असतं.

साखरपाणी उचला. तिला खायला तोंडच नाही म्हणा ना. सोंड नावापुरती उरलेली असते. अळीपणी पोटात साठवलं त्यावर आठवडाभर जगायचं, जोडी जमवायची, अंडी घालायची, संपलं. तेव्हा कृपा करून आधी तो दिवा बंद करा. तिच्याकडे मोजक्या रात्री आहेत, त्यातली एक तुमच्या भिंतीवर जाऊ नये.

पूड म्हणजे पंखांवरचे खवले. फुलपाखराला धरल्यावर बोटाला लागतात तेच. त्याने कुणी आंधळं होत नाही. पण सासूबाईंचंच ऐका. खवले गेले की नुकसान पतंगाचं होतं.

शंकासुर | १४ जून, सकाळी ११.३०

एक बाळबोध प्रश्न. टसर म्हणजे ते साडीवालं टसर? ते तुतीच्या पानांवर पाळतात ना? मग हे रानात काय करतंय?

झाडीपट्टी | १४ जून, दुपारी १.०५

शंकासुर, तुतीवरचा वेगळा. तो पांढरा, मुका, पंख असून न उडणारा. माणसाने हजारो वर्षं पाळून त्याचं पार पाळीव ढोर केलं. टसर रानातलाच. आम्ही आरमोरीकडचे, जिल्हा गडचिरोली. आमच्याकडे त्याला कोसा म्हणतात आणि तो येनावर वाढतो. तुम्ही ऐन म्हणता, आम्ही येन. अर्जुनावरही होतो. 'पाळतो' म्हणायचं तर एवढंच, की अळ्या झाडावर सोडायच्या आणि दीड-दोन महिने त्या झाडांखाली आपण राहायचं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, या चार जिल्ह्यांतल्या कितीतरी ढिवर घरांचं पिढ्यान् पिढ्यांचं काम आहे हे. आमचंही. टसरच्या एका रानटी वाणाला शास्त्रज्ञांनी भंडारा हेच नाव दिलंय.

पायवाटताई, मादी उडून गेली का? नसेल तर आजूबाजूला अंडी पाहा. पडदा, दोरी, खराटा, तिला काहीही चालते.

पायवाट | १५ जून, संध्याकाळी ६.२०

खराटाच! दिवा बंद केल्यावर रात्री कधीतरी गेली असावी, सकाळी नव्हती. खराट्याच्या काड्यांवर ओळीने अंडी. साबुदाण्याएवढी, थोडी चपटी, प्रत्येकीला तपकिरी पट्टे. मोजली, ६३ भरली. सासूबाईंनी खराटा वापरायला बंदी केली आहे. आता पुढे?

झाडीपट्टी | १५ जून, रात्री ८.४०

बाकीची अंडी दुसरीकडे घातली असतील. एक मादी दीड-दोनशे सहज घालते. ८-१० दिवसांत फुटतील. आधी रिकाम्या टरफलालाच तोंड लावतील, घाबरू नका. घराजवळ ऐन आहे का ते पाहा. साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, आणि पान उलटून देठाजवळ पाहिलं की दोन बारीक गाठी. असेल तर काड्या तशाच नेऊन कोवळ्या पानांजवळ बांधा. घरात वाढवू नका.

पायवाट | २४ जून, रात्री १०.१०

काल पहाटेपासून फुटायला लागली. आधी कबुली देते. झाडीपट्टीदादांचं अर्धंच ऐकलं. पाऊस इतका कोसळत होता की जीव झाला नाही बाहेर ठेवायचा. ऐनाच्या फांद्या पाण्याच्या बाटलीत खोचून पडवीत ठेवल्या आणि अळ्या त्यावर सोडल्या. आज सकाळी पाहिलं तर १९ अळ्या फांदीवरून खाली उतरून बाटलीत बुडून मेलेल्या. बाटलीच्या तोंडाला कापूस लावायचा असतो हे मला मागाहून कळलं. मुलीने माझ्याशी बोलणं टाकलंय.

उरलेल्या ३२ आता घरामागच्या ऐनावर आहेत. बाकीची अंडी फुटलीच नाहीत. अळ्या मातकट पिवळ्या, डोकं गडद, लांबी नखाएवढीही नाही. या वाढून वीतभर पंखांची बाई होणार, हे अजून पटत नाही.

सुगरण | २५ जून, सकाळी ७.३०

अगं, केसाळ आहेत का? आमच्याकडे शेवग्यावरच्या सुरवंटांनी नवऱ्याच्या हातावर गांधी उठल्या होत्या. मुलीला हात लावू देऊ नकोस.

निवृत्त_मास्तर | २५ जून, सकाळी ८.५०

टसरच्या अळीवर विरळ केस असतात, पण ते टोचत किंवा खाजवत नाहीत. शेवग्यावरचा सुरवंट निराळा प्राणी. ओळखीची खूण म्हणून सांगतो. पहिली कात टाकली की ही हिरवी होते आणि शेवटपर्यंत हिरवीच राहते. एकूण चार वेळा कात, म्हणजे वाढीच्या पाच पायऱ्या. कात टाकायच्या आधी एखादा दिवस निश्चल बसते, खात नाही. नवखे लोक तेव्हा तिला आजारी समजून हलवतात आणि तिथेच ती दगावते.

अटलांटिकपार | २६ जून, रात्री १.१५

वा! इथे न्यू जर्सीत हिचीच अमेरिकन बहीण आहे, अँथेरिया पॉलिफेमस. वंश तोच, खिडक्याही तशाच. पॉलिफेमस म्हणजे ग्रीक कथांमधला एकडोळ्या राक्षस, मागच्या पंखांवरच्या मोठ्या डोळ्यांमुळे हे नाव पडलं. ओक, बर्च, मेपल खाते. तिची अळी डिवचली तर जबड्यांनी टिक्टिक् आवाज करते, मी स्वतः ऐकलंय. तुमच्या करतात का?

पायवाट | १२ जुलै, रात्री ९.००

टिक्टिक् नाही ऐकली, इथे पावसात काहीच ऐकू येत नाही. पण दुसरं एक सांगते. धक्का लागला की पुढचा अर्धा भाग उचलून, डोकं आत ओढून तशीच थिजून बसतात, जणू जप करतायत. हिरव्या अंगावर बाजूने पिवळी रेघ, आणि काहींच्या कडेला चांदीच्या टिकल्या! खरंच चमकतात. टॉर्च मारला तर पानावर पाण्याचा थेंब आहे असंच वाटतं.

आकडा मात्र उतरतोय. ३२ च्या आता ११ राहिल्या. गांधीलमाशी एक उचलून नेताना मी पाहिली. खालच्या फांदीवर ओंबील चढलेत, त्यांनी दोन दिवसांत पाच संपवल्या. एक नुसतीच लटकलेली, काळी पडून पाणी पाणी झालेली.

झाडीपट्टी | १२ जुलै, रात्री ११.२०

काळी पडून लटकलेली पानासकट काढा, लांब नेऊन जाळा, हात धुवा. तो रोग आहे, पावसात पसरतो. ओंबिलांसाठी बुंध्याला राखेचं कडं करा. पावसाने धुपेल, पुन्हा करा.

११ म्हणजे रडण्यासारखं नाही. आमचे आजोबा पहाटे अंधारात झाडांखाली जात ते दिवस मावळला की परत येत. गोफण घेऊन. पाखरं, खारी, मुंगळे, ढेकण्या किडे, सगळ्यांना अळी हवी. त्या काळात घरात मटण-मासळी बंद, पायताण घालून त्या झाडांखाली जायचं नाही, बाहेरच्याने सांगून यायचं. लहानपणी मला ती अंधश्रद्धा वाटे. आता कधी कधी वाटतं, येणं-जाणं कमी म्हणजे रोगही कमी, असं काही आजोबांच्या हिशेबात असेल.

सध्या अंडीपुंज तपासून मिळतात. मादीने अंडी घातली की तिला वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पेब्रीन रोगाचे जंतू दिसले तर तिची सगळी अंडी फेकायची.

निवृत्त_मास्तर | १३ जुलै, सकाळी ७.१०

ही तपासणी थेट लुई पाश्चरची देणगी. १८६५ पासून काही वर्षं तो फ्रान्सच्या दक्षिणेत तुतीच्या रेशीमकिड्यांच्या याच रोगामागे लागला होता. आईला तपासा, मग अंडी ठेवा, ही त्याची पद्धत. तिथल्या बागांसाठी शोधलेली, गडचिरोलीच्या रानात अजून चालते.

पायवाट | ३० जुलै, संध्याकाळी ७.४५

घर बांधायला घेतलंय!! पाच उरल्या होत्या, एकेक बोटाहून जाड. परवा एकीने पोट रिकामं केलं. इतका वेळ सुक्या लेंड्या टाकत होती, एकदम पातळ. मला वाटलं गेली ही. मग तिने आजूबाजूची दोन-तीन पानं धाग्याने ओढून पाळणा केला, आणि पाळण्यात शिरायच्या आधी बाहेर येऊन एक दोर वळला. हा दोर डहाळीभोवती कडं करतो आणि तिथून खाली देठासारखा उतरतो. त्यानंतर आत बसून विणकाम. पहिल्या दिवशी आतली अळी डोकं इंग्रजी आठसारखं फिरवताना दिसत होती, दुसऱ्या दिवशी धूसर, तिसऱ्या दिवशी बंद. आता कोंबडीच्या लहान अंड्याएवढा करडा-पिवळा कोसा, नखाने दाबला तर दबत नाही. लाकूडच जणू.

अटलांटिकपार | ३१ जुलै, रात्री २.००

तो देठ बघून हेवा वाटला. आमच्या पॉलिफेमसला तो नसतो. पानात गुंडाळून कोष करते आणि पानगळीत पानासकट जमिनीवर. उंदरांची चंगळ.

निवृत्त_मास्तर | ३१ जुलै, सकाळी ९.३०

देठाचं कारण उघड आहे. ऐनाचं झाड उन्हाळ्याआधी पानं टाकतं. पानाच्या भरवशावर राहिली असती तर कोसा वणव्याच्या तोंडी खाली पडला असता. कडं पानाला नाही, डहाळीला.

कडकपणावरून आठवलं. कर्नल साईक्स नावाचा इंग्रज अधिकारी होता, मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत हिंडलेला. त्याने १८३० च्या दशकात लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीसाठी याच किड्यावर लेख लिहिला. इकडचं नाव त्याने 'कोलिसुरा' असं टिपलंय. त्या काळी लोक कोशाची साल गोल गोल कापून एकसंध वादी काढत आणि तोड्याच्या बंदुकीची नळी लाकडी दस्त्याला त्या वादीने आवळत. चामड्यापेक्षा टिकाऊ म्हणून! धागा काढायचा सोडून बंदुका बांधल्या, हा खास आपला दख्खनी बाणा.

चहाबाज | ३१ जुलै, सकाळी ९.४१

धागा टिकाऊ निघाला म्हणायचा. दीड महिना चालू आहे.

शंकासुर | १ ऑगस्ट, दुपारी १२.१०

पण मास्तर, लाकडासारख्या कोशातून ती मऊ बाई बाहेर पडते कशी? तिला तर तोंड नाही म्हणालात.

आणि झाडीपट्टी, राग मानू नका, साडीसाठी आतल्या जिवाला मारतात ना?

निवृत्त_मास्तर | १ ऑगस्ट, दुपारी ४.००

कुरतडत नाही, भिजवते. तोंडापाशी एक पाचक द्रव सुटतो. त्यातलं विकर धाग्यांना चिकटवणारा डिंक विरघळवतं. देठाकडचं टोक ओलं होतं, धागे मोकळे होतात, ती पायांनी ते बाजूला सारून बाहेर येते. म्हणून रानात सापडलेला कोसा वाचता येतो. देठाजवळ मोठं, कडा विस्कटलेलं भोक असेल तर पतंग सुखरूप गेला. सुईने पाडल्यासारखं नेटकं बारीक भोक कुठेही असेल तर आतून दुसरंच कुणी बाहेर पडलं.

झाडीपट्टी | १ ऑगस्ट, रात्री १०.३०

राग कसला. होय, मारतात. वाफ देऊन. कोसा फुटला की सलग धागा निघत नाही. बियाण्यासाठी ठेवलेल्या कोशांतून पतंग निघू देतात, ते फुटके कोसेही वाया जात नाहीत. त्यांचं सूत हाताने कातून जाडंभरडं घिचा कापड होतं. देठाचंसुद्धा सूत निघतं.

आमच्या आईने उघड्या मांडीवर घासून धागा वळलाय, वर्षानुवर्षं. मांडीची कातडी सोलवटायची. आता यंत्रं आलीत, बरं झालं. त्या धाग्याची करवत काठी साडी होते, काठावर करवतीचे दाते. तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पतंगाच्या जिवाचं विचारता ते बरोबर आहे, विचारावंच. पण साडी हातात घ्याल तेव्हा मांडीचंही विचारा. आणखी एक. येनाचं झाड उभं राहिलं तरच कोसा. ज्या गावांना कोशाचे चार पैसे मिळतात तिथे येनावर कुऱ्हाड चालवायला लोक नाही म्हणतात, हे मी पाहिलंय.

शंकासुर | २ ऑगस्ट, सकाळी ८.१५

मांडीचं माहीत नव्हतं. मागच्या दिवाळीत बहिणीला टसर घेताना मी दुकानदाराशी तासभर घासाघीस केली होती. असो.

पायवाट | ३१ ऑगस्ट, सकाळी ६.५०

कोशाला महिना होतोय. पाचांपैकी दोघांतून पतंग गेले, देठाजवळ मोठं भोक. एकीला बघायचं भाग्य मिळालं. संध्याकाळी कोशाचं टोक ओलं दिसलं, दिवेलागणीनंतर ती बाहेर. पंख भिजलेल्या रुमालासारखे. डहाळीला उलटी लटकून राहिली, तासाभरात पंख ताणले गेले. रात्री साडेअकराला झाडापाशी एक विटकरी नर आला. आमच्या इतर कोशांतून तोवर कुणी निघालं नव्हतं, म्हणजे हा रानातून तिच्या वासावर आला! सकाळपर्यंत दोघं तशीच जोडीने. सासूबाई छत्री घेऊन दोनदा बघून आल्या आणि कुणाला तिकडे जाऊ देईनात.

तिसऱ्या कोशाला मात्र कडेला बारीक नेटकं भोक. खाली मातीत तपकिरी गोळ्या. मास्तर, दुसरंच कुणी?

झाडीपट्टी | ३१ ऑगस्ट, सकाळी ९.००

उझी माशी. अळी मोठी असताना तिच्या अंगावर अंडी घालून जाते. माशीच्या अळ्या आत शिरतात, आतून खातात, बाहेर पडून मातीत कोष करतात. तपकिरी गोळ्या त्याच. अळीच्या अंगावर काळा डाग दिसला असेल, आठवून पाहा.

उरलेल्या दोघांना हात लावू नका. दुसरं पीक दिवाळीच्या पुढे-मागे कोसे करेल आणि ते कोसे झोपतील. थेट पुढच्या मिरगापर्यंत.

पायवाट | २ सप्टेंबर, रात्री ९.३०

काळा डाग होता. मला वाटलं तीळ.

पायवाट | ८ मार्च, दुपारी ३.००

धागा वर काढतेय. उरलेले दोन्ही सप्टेंबरातच फुटून गेले होते. काल घरी गेलो तर घरामागचा ऐन अगदी बोडका, आणि वरच्या फांद्यांवर तीन नवे कोसे लोंबताना आकाशात स्पष्ट दिसले. हिरवळीत कधी दिसलेच नव्हते. ही आमच्या खराट्याची नातवंडं, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलंय. भर उन्हात, एवढ्या तापमानात आत जीव आहे?

निवृत्त_मास्तर | ८ मार्च, संध्याकाळी ५.२०

आहे. श्वास, पचन, सगळं मंदावून ठेवलेलं असतं. झाडाला पान नाही तेव्हा बाहेर येऊन करणार काय? नवी पालवी फुटून पाऊस लागेपर्यंत ती आतच. जाड कवच उन्हापासूनही राखतं.

पायवाट | ११ जून, रात्री ११.५०

आज मृगाचा पाऊस. तिघांपैकी खालच्या फांदीवरच्या कोशातून साडेसातला नर निघाला. विटकरी, आणि मिश्या खरंच नेच्यासारख्या! पडवीतला दिवा आम्ही लावलाच नव्हता, मेणबत्तीवर जेवलो. दहा वाजता अंधारात पंखांची फडफड झाली, एवढंच. दुसऱ्यात नेटकं भोक आहे. तिसरा अजून बंद. शिडी लावून हळूच हलवून पाहिला, आत जड लागतंय.

फोटो टाकलेत.

चहाबाज | १२ जून, सकाळी ७.०५

फोटो दिसत नाहीयेत.

झाडीपट्टी | १२ जून, सकाळी ७.३०

हलवू नका म्हणलं होतं ना, ताई.